विहिणींचा शाम्पू

सोमवार, ३ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुम्ही फोन आदळलात, तेव्हाच फोनवरचं आपलं बोलणं संपलं. तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे जावईबापू, तोंडी निरोप न्यायला तयार नाहीत. “मी व्हॅनमधून पार्सलं पोचवतो, भांडणं नाही. काय ते लिहून द्या,” असं आज दारातच सुनावलं त्यांनी. म्हणून हे पत्र नातीच्या पिशवीत, डायपरखाली ठेवते आहे. दुपारी ती तुमच्याकडे येईल, तिच्याबरोबर हेही येईल.

मुद्द्याचं बोलते. पिशवीत आज तुमची पिवळी बाटली सापडली. पुढे बदकाचं चित्र, त्याखाली ‘नैसर्गिक’, आणि मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत घटकांची रांग. मी भिंग घेऊन बसले. उभा जन्म शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेला, विहीणबाई, बदक बघून भुलणाऱ्यांतली मी नाही. फेस आणणारा जो घटक भांडी घासायच्या द्रावणात असतो, तोच यात वरच्या क्रमांकावर बसलाय. शिवाय रंग. पाच महिन्यांच्या पोरीला शाम्पू पिवळा आहे की निळा, याच्याशी काय देणंघेणं? आणि शेवटी ‘सुगंध’. हा एक शब्द लिहिला की कंपनी मोकळी. त्याच्याआड काय काय दडवलंय ते एक कंपनीला ठाऊक आणि दुसरं त्या बदकाला.

चिंगीच्या (हे नाव तुम्ही पाडलंत, मला आवडत नाही, पण आता ती त्यालाच वळून बघते) टाळूच्या मागे लाल चट्टे आले आहेत. ते कुठून आले हे मी सांगायची गरज नाही.

बाटली परत पाठवते आहे. माझ्याकडे मी स्वतः किसून, उकळलेल्या पाण्यात विरघळवलेला साधा साबण आहे. त्यात तेल, पाणी आणि अक्कल याशिवाय काही नाही. बाळाच्या डोक्याला यापुढे तोच लागेल.

कळावे,
चिंगीची आजी (आईकडची)

---

मंगळवार, ४ मार्च

मास्तरीणबाई,

नमस्कार घ्यायचा असेल तर घ्या. तुमचं पत्र काल वाचलं आणि आज सकाळी पार्लरमध्ये पुन्हा वाचलं, तेही गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावून ठेवलेला असताना. रागाच्या भरात वेळेकडे लक्ष राहिलं नाही, बाईचे केस विटकरी झाले. ती आता माझ्या नावाने खडे फोडतेय. तुमच्या खात्यावर मांडून ठेवते.

फोन मी आदळला, कबूल. पण का आदळला तेही लिहा की! “पार्लरवाल्यांना चेहरे रंगवण्यापलीकडे काय कळतं” असं कोण म्हणालं होतं? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

आता ऐका. अर्धं आयुष्य मी लोकांची डोकी धुण्यात घालवलंय. पहिली काही वर्षं परवडत नव्हतं म्हणून स्वस्तातला शाम्पू वापरायचे. बोटांची सालं निघायची, भेगांतून रक्त यायचं, मिठाचा खडा हातात धरवत नसे. तेव्हापासून कुठलीही बाटली आधी स्वतःच्या मनगटावर लावते, दिवसभर ठेवते आणि मग दुसऱ्याच्या डोक्यावर घालते. तुम्ही भिंगाने वाचता, मी कातडीने वाचते. आणि म्हणे साबण! साबणाने धुतलेलं डोकं माझ्या दारात आलं तरी मला कळतं. केस सुतळीसारखे आणि टाळू कोरडीठाक. मोठ्या बायकांची ही गत, तर त्या एवढ्याशा जिवाची काय होत असेल?

तुम्ही नाक मुरडलंत म्हणून दुसरी बाटली पाठवतेय. रंग नाही, वास नाही, बदकही नाही. डोळ्यांत गेली तर झोंबत नाही, मी स्वतःच्या डोळ्यांत घालून पाहिलीय.

चिंगी दुपारी माझ्याकडे येते तेव्हा तिच्या डोक्याला लाँड्रीतल्या चादरीचा वास येत असतो. तो तसाच राहू द्यायला मी काही सावत्र आजी नाही.

तुमची विहीण (हे नातं काही मी मागून घेतलेलं नाही)

---

शुक्रवार, ७ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

डोळ्यांना झोंबत नाही म्हणजे कातडीला झोंबत नाही, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? पण ते असो, कारण प्रकरण आता तुमच्या-माझ्या डोळ्यांपलीकडे गेलं आहे.

चट्टे कानांमागे उतरलेत. काल तिथून पाणी यायला लागलं. चिंगी डोकं उशीवर घासते, किंचाळते, दमून झोपते, जागी झाली की पुन्हा घासते. काल मी आणि लेक तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मलम दिलं, आणखी एक बाटली लिहून दिली, आणि विचारलं, “डोकं किती वेळा धुता?” लेक म्हणाली, “दिवसातून एकदा.” “तेही पुष्कळ झालं, एक दिवस सोडून धुवा,” असं डॉक्टर म्हणाले. “तुम्ही अंगाला काय लावता, काय खाता, कुठे काम करता?” असंही त्यांनी तिला विचारलं. पोर उत्तरं देता देता लहान होत गेली. तिला असं मी फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहिलं होतं.

तुमची नवी बाटली मी तपासली. शाळेतले जुने चाचणीचे कागद अजून कपाटात आहेत. कागदाने फारसा रंग बदलला नाही, म्हणजे तो द्राव बराच सौम्य आहे. खरं ते लिहिलं पाहिजे म्हणून लिहिते. पण द्राव सौम्य असला तरी तो चोळणारे हात सौम्य आहेत का? सकाळभर तुमच्या बोटांवर केसांचा रंग, ब्लीच, कसकसली रसायनं असतात. त्याच हातांनी दुपारी माझ्या नातीचं डोकं चोळता. लेकीलाही मी हे बोलले. शिवाय तिने खाण्याचं पथ्य पाळायला हवं, आईच्या पोटात जातं तेच दुधात उतरतं, हेही सांगितलं.

कृपा करून हात धुवा.

आजी

---

सोमवार, १० मार्च

मास्तरीणबाई,

हात मी धुते. तुम्ही पुस्तकं धरायला लागलात त्याच्या आधीपासून धुतेय! पार्लरमध्ये रंगाला हातमोजे घालते, घरी आल्यावर कोपरापर्यंत धुते, मग पोरीला घेते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. त्या कागदावर माझा शाम्पू तपासलात, मग शेजारीच ठेवलेल्या तुमच्या साबणाने काय घोडं मारलं होतं? तो का नाही तपासलात? बुडवा की कागद. बुडवा आणि काय रंग आला ते कळवा.

मला विचाराल तर हे ना शाम्पूचं, ना साबणाचं. सूनबाई कुठे काम करते ते तुम्हाला सांगायला नको. दिवसभर काचेच्या भट्टीपाशी, चुऱ्यात, धुळीत. तेच कपडे अंगावर ठेवून घरी येते आणि पोरीला छातीशी घेते. काचेची धूळ डोळ्याला दिसत नाही, पण कातडीला कळते. शनिवारी मी तिला हे स्पष्ट सांगितलं. आपल्या माणसाला नाही सांगायचं तर कोणाला? ती मान हलवून आत गेली.

चिंगी काल माझ्या मांडीवर रडून रडून निळी पडली. माझ्या हातून एवढी डोकी गेली, पण एवढ्याशा टाळूपुढे मी हात टेकलेत. तुमच्यावर नाही चिडायचं तर कोणावर चिडू, ते तरी सांगा.

विहीण

---

बुधवार, १२ मार्च

विहीणबाई,

आज नमस्कार नाही.

तुम्ही माझ्या लेकीला काय बोललात, ते तिने मला सांगितलं नाही. मला दिसलं. काल त्यांच्याकडे गेले होते. ती कामावरून आली आणि घरात शिरेचना. जिन्यातच, दाराबाहेर, कामाचे कपडे उतरवून प्लास्टिकच्या पिशवीत भरत होती. वरचे शेजारी बाजूने जात होते आणि ही भिंतीकडे तोंड करून गाऊनची बटणं लावत होती. मग आंघोळ. मग कुठे आत आली, आणि तरीही पोरीला उचलून घेईना. दुरूनच बघत बसली. चिंगी हात पसरून रडत होती आणि ही म्हणते, “आई, तू घे. माझ्या अंगावर काही राहिलं असेल.” आठवडाभर दूध, अंडी, मासे, टोमॅटो, सगळं बंद आहे. मी पथ्य पाळ म्हटलं होतं, उपास कर म्हटलं नव्हतं. पण तुमच्या बोलण्यानंतर ती स्वतःलाच विष समजायला लागली आहे.

आणि पुढचं ऐका. येता शुक्रवार सोडून पुढच्या, म्हणजे एकवीस तारखेला, ती राजीनामा देणार आहे. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. त्या कारखान्यात भट्टीची पाळी आजवर एकाही बाईच्या हाती दिलेली नव्हती. ती तिला यंदा मिळाली. आग किती ठेवायची, काच कधी काढायची हे ती सांगते, आणि तिच्या बापाच्या वयाचे कारागीर ऐकतात. ते सगळं ती सोडणार, कारण तिच्या सासूला धूळ दिसली.

माझ्या साबणाचं विचारलं होतंत. कागद बुडवला. निळा झाला, गडद निळा. म्हणजे आम्लारी, तेही तीव्र. मी वर्गात पोरांना हेच शिकवलं होतं आणि घरी मात्र स्वतःच्या हातचं म्हणून डोळे मिटून घेतले. साबण ओतून दिला आहे. आता रोज सकाळी डॉक्टरांनी दिलेल्या बाटलीनेच धुते. म्हणजे आता माझ्याकडून तरी काही चूक उरलेली नाही.

तुमचं तुम्ही बघा.

---

गुरुवार, १३ मार्च

मास्तरीणबाई,

रोज सकाळी?

डॉक्टरांनी एक दिवस सोडून सांगितलं आणि तुम्ही रोज सकाळी धुता? माझ्याकडे पाठवता त्याच पोरीचं डोकं? का?

मी का विचारतेय माहीत आहे? कारण मी रोज दुपारी धुते. पिशवी खाली ठेवली की आधी बेसिन, मग बाकीचं. तुमच्या साबणाचा वास आला की माझ्या जिवाचा संताप व्हायचा. मनात म्हणायचे, आधी हे काढू. काढलं की पोरगी जरा गप्प बसायची, मला वाटायचं, बरं वाटलं तिला. ती दमून गप्प बसायची हो!

संध्याकाळी पोरगा चिंगीला न्यायला आला तेव्हा त्याला विचारलं, “घरी नेल्यावर तिचं डोकं धुतोस का रे?” तर म्हणतो, “हो, रोज. तुम्ही दोघींनी काय काय चोपडलेलं असतं कोण जाणे. तिची आई यायच्या आधी सगळं धुऊन मलम लावून ठेवतो.” वर म्हणतो, “दिवसातून एकदाच धुतो, काळजी करू नकोस.”

एकदा तुम्ही, एकदा मी आणि एकदा तो. प्रत्येकाचं एकदाच.

मला आता लिहवत नाही.

---

शुक्रवार, १४ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचलं.

तुम्ही ‘का?’ म्हणून विचारलंत. तुमच्या शाम्पूचा अंश राहिला असेल म्हणून मी सकाळी धुवायची. मोठ्या माणसाचं डोकं असं दिवसातून तीनदा धुतलं तर तेही सोलून निघेल. हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही, विचारायची अक्कल लागते. आणि आपण एकमेकींना विचारणार कशा? आपला फोन बंद. अति तिथे माती म्हणतात, आपण तर मातीच करून ठेवली.

आजपासून मी पाण्याचा थेंबही लावलेला नाही. फक्त मलम. तुम्हीही तसंच करा आणि जावईबापूंनाही थांबवा. काही दिवसांत कातडी आपोआप भरून येईल. आली, की लेकीच्या मनातला राजीनामाही आपोआप निघून जाईल. मग हे तिला सांगायची गरज राहणार नाही. तुम्हाला वाटेल, मी भित्री आहे. आहेच मी. तिला कळलं तर ती चिंगीला पाळणाघरात ठेवेल आणि मला सकाळी दार उघडायला कोणी उरणार नाही. निवृत्त झाल्यापासून माझी सकाळ त्या पिशवीच्या चेनच्या आवाजाने सुरू होते. ते जाऊ द्यायची माझी तयारी नाही.

एवढं एक माझं ऐका.

---

सोमवार, १७ मार्च

मास्तरीणबाई,

ऐकणार नाही!

चट्टे सुकताहेत, ते मलाही दिसतंय. शनिवारपासून पाणी यायचं थांबलंय. काल पोरीने कितीतरी दिवसांनी माझं नाक धरून ओढलं आणि हसली. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी तिकडे तोंड फिरवून रडले. कारण चट्टे सुकले तरी सूनबाई काय म्हणतेय ठाऊक आहे? “बघा, मी तिला दूर ठेवलं म्हणून बरी झाली.” म्हणते, “म्हणजे माझंच काहीतरी होतं, सासूबाई.” तुमचं ते ‘आपोआप’ असं उलटं चाललंय. पोरगी जेवढी बरी होईल तेवढा तिचा राजीनामा पक्का होतोय.

पोराला मी धरून विचारलं, तू का नाही सांगत तिला? तर त्याचं तोंड एवढंस्सं झालं. म्हणतो, “तुम्ही दोघी सांगा, तुमच्यामुळे मी धूत होतो.” व्वा! बाप म्हणे!

पाळणाघराची भीती मला नाही का? पण पोर तिची आहे. पाच महिने आपण तिला गिऱ्हाइकासारखी एकमेकींकडून ओढत होतो. मी सूनबाईला बसवून सांगणार होते. दोनदा तोंड उघडलं, आणि दोनदा दुसरंच काहीतरी बोलले. तोंडात तुमचंच नाव आधी येतं, मास्तरीणबाई, काय करू. ‘तुझी आई रोज सकाळी’ असंच सुरू होतं वाक्य. म्हणून तुम्ही सांगा. तुमची लेक आहे, तुमच्यावर ओरडेल आणि विसरेल. माझ्यावर ओरडणार नाही, आणि विसरणारही नाही.

विहीण

---

बुधवार, १९ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

म्हणजे तुमच्या वाट्याचं मी सांगायचं? तुमच्या सुनेला धुळीचा साक्षात्कार मी घडवला नव्हता. आणि माझी लेक ओरडून विसरते, हे तुम्हाला कोणी सांगितलं? ती ओरडत नाही, ती कपाट आवरायला घेते, आणि मग महिनोन्महिने आवरत बसते.

मी एकटी सांगणार नाही. तुम्ही एकट्या सांगू शकत नाही. मग उद्या संध्याकाळी दोघींनी जायचं. ती कामावरून यायच्या वेळी मी त्यांच्या इमारतीखाली उभी राहीन. तुम्ही पार्लर लवकर बंद करून या. वर जाताना मी तुमच्याशी बोलणार नाही, कारण बोलले तर भांडेन आणि भांडणाचा आवाज आधी वर पोचेल. वर गेल्यावर आधी मी माझं सांगेन, मग तुम्ही तुमचं सांगा. ‘तुझी सासू’ असं मी म्हणणार नाही. ‘तुझी आई’ असं तुम्ही म्हणायचं नाही.

राजीनाम्याला अजून अवकाश आहे.

आजी

---

रविवार, २३ मार्च

आई आणि सासूबाई,

तुमचा पत्रव्यवहार चांगला चालतो असं कळलं, म्हणून मीही लिहिते. याच्या दोन प्रती केल्या आहेत. कोणाला आधी मिळालं यावरून भांडू नका.

गुरुवारी दार उघडलं आणि तुम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या दिसलात, तेव्हा मला वाटलं, कोणीतरी गेलं. तुम्हाला एकत्र उभं मी लग्नाच्या फोटोनंतर पाहिलंच नव्हतं. तुम्ही सांगितलंत ते सगळं मी ऐकून घेतलं आणि माझं सांगायचं राहिलं. आई, तुला वाटलं मी कपाट आवरायला जाईन. मी आधी चिंगीला उचलून घेतलं.

राजीनामा शुक्रवारी द्यायचा होता. मी बुधवारीच दिला. शुक्रवारपर्यंत थांबले तर माझा धीर सुटेल, असं मला वाटलं. तुम्ही ‘उद्या जाऊ’ असं एकमेकींना लिहीत होता, तेव्हा मी साहेबांच्या टेबलावर तो कागद ठेवत होते. शुक्रवारी परत मागायला गेले. नोकरी त्यांनी परत दिली. भट्टी नाही दिली. ती गुरुवारीच दुसऱ्याला दिली होती. आता मी त्याच्या हाताखाली काम करीन. तो चांगला माणूस आहे, त्याला काच कधी काढायची हे मीच शिकवलं होतं.

मला राग आला आहे. मला तो लपवायचा नाही आणि तुम्हीही त्याला दुसरं नाव देऊ नका. आई, तू माझ्या जेवणावर संशय घेतलास. सासूबाई, तुम्ही माझ्या कपड्यांवर घेतलात. माझ्या नवऱ्याने तुम्हा दोघींवर घेतला. माझ्यावर बोट ठेवायला तुम्हाला एक दिवस पुरला, स्वतःकडे बघायला इतके आठवडे लागले. आणि मी मूर्खासारखी तुम्हा सगळ्यांचं खरं मानलं. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळा धुता, तर मी ‘एकदा’ म्हणाले, कारण रात्री ओलं डोकं एकदाच दिसायचं मला. तू शेजारी बसली होतीस, आई. तूही मान हलवलीस.

बाटल्यांचं म्हणाल तर तिन्ही घरांतल्या मिळून पाच जमल्या होत्या. चार टाकल्या. सासूबाईंनी आणलेली ती बिनवासाची ठेवली. तुम्ही आणली म्हणून नाही, आईने कागद बुडवला म्हणूनही नाही. मी माझ्या कोपराच्या आत लावून पाहिली, मग चिंगीच्या पायाला एक थेंब लावून दोन दिवस थांबले. काही झालं नाही. कानांमागची कातडी पूर्ण भरली की आठवड्यातून एकदा, दोन थेंब. तोवर नुसतं पाणी. धुणार मी. तिच्या बाबालाही हेच सांगितलंय, त्याने हे पत्र तुमच्याआधी वाचलं आहे.

पाळणाघरात तिला घालणार नाही. सकाळी ती आईकडे येईल, दुपारी सासूबाईंकडे येईल. तिला तुम्ही दोघी हव्या आहेत, म्हणून. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही.

आज सुट्टी होती. दुपारी मी पाणी कोमट करून तिचं डोकं धुवायला बसले. मान कशी धरतात ते मला येईना. पाणी कानात जाईल म्हणून मी भीत होते, तिला ते कळलं आणि ती अंग ताठ करून रडायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती जन्मल्यापासून मी तिचं डोकं एकदाही धुतलेलं नाही. बाळंतपणाच्या रजेत तुम्ही दोघी होतात, आणि कामावर जायला लागल्यावर मी घरी यायचे तेव्हा ते नेहमी धुतलेलंच असायचं. माझे हात तिला परके होते. ती सारखी दाराकडे मान वळवत होती, तुमच्यापैकी कोणीतरी येईल म्हणून.

भट्टी मी परत मिळवीन. हे पाच महिने मला कोण देणार आहे?

चिंगीची आई